गोधडी ओली, तरी पिशवी भरलेलीच: मणक्याच्या ऑपरेशननंतर परत परत होणारा लघवीचा संसर्ग

समस्या अशी आहे. मणक्याचं ऑपरेशन झालेलं लहान कुत्रं घरी येतं. टाके सुकतात, खाणंपिणं सुधारतं, नजर पुन्हा चमकदार होते. पण अंथरूण दर दोन-तीन तासांनी ओलं. मग लघवीला उग्र वास, गढूळपणा, कधी रक्ताची लालसर छटा. अँटिबायोटिकचा कोर्स केला की आठ-दहा दिवस बरं, कोर्स संपला की पुन्हा तेच. आमच्या चिंगीला सव्वादोन महिन्यांत हे तीनदा झालं. शेवटी जे कारण निघालं ते आधीच सांगून टाकतो. ओलं अंथरूण पाहून आम्ही समजत होतो की तिला लघवी होते आहे. ती होत नव्हती. लघवीची पिशवी, म्हणजे मूत्राशय, काठोकाठ भरून वरचं पाणी तेवढं वाहत होतं, आणि खाली उरलेल्या शिळ्या लघवीत जंतू वाढत होते.

चिंगी डॅशहुंड जातीची, वय ५ वर्षं, वजन ७ किलो. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या बाजूला, घर शेतालगत. होळीनंतरच्या आठवड्यात ती बाजेवरून उतरली आणि कळवळली. संध्याकाळपर्यंत मागचे पाय लटपटू लागले, सकाळी ते नुसते ओढत नेत होती. मला वाटलं उडीमुळे झालं. डॉक्टरांनी समजावलं की उडी फक्त निमित्त. या जातीत मणक्यांमधल्या गादीचा मऊ गर अगदी लहानपणापासून सुकत जातो, त्यात चुना साचतो, आणि तीन ते सात वर्षांच्या वयात कधीतरी तो वर फुटून मज्जारज्जूवर दाबतो. कुत्र्याला बरगड्यांच्या १३ जोड्या असतात. शेवटची बरगडी जिथे संपते त्याच भागात, म्हणजे पाठीच्या मधोमध, हे सगळ्यात जास्त होतं. चिंगीचंही तिथेच होतं. ऑपरेशनमध्ये मणक्याच्या एका बाजूने हाडाची छोटी खिडकी कापून तो गर काढून घेतला.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी तिच्या मागच्या पायाचं बोट चिमट्याने जोरात दाबलं. तिने मान वळवून पाहिलं आणि केकाटली. ते केकाटणं ऐकून डॉक्टर पहिल्यांदा हसले. खोलवरची ही वेदना कळत असेल तर दहातली नऊ कुत्री पुन्हा चालतात, कळत नसेल तर जेमतेम निम्मी. म्हणून पायांची काळजी मला फार राहिली नाही. पण लघवीबद्दल घरी येताना हातात दिलेल्या कागदावर एकच ओळ होती: "लघवी दाबून काढावी." कशी, किती वेळा, संपली हे कसं ओळखायचं, काहीही नाही. जिथे ऑपरेशन झालं तिथल्या लोकांनी हातांनी जे काम केलं ते उत्तम होतं. त्या एका ओळीवर मात्र माझा राग अजून आहे, कारण पुढचे सव्वादोन महिने तिच्यामुळे गेले.

आम्ही कुठे चुकलो

घरी आल्यावर पहिल्या दिवशी पोट दाबून पाहिलं, काही आलं नाही. तिला उचललं तर हातावर धार आली. माय म्हणाली, "अरे बाबू, होऊन राह्यली ना तिची तिची. कायले दाबतं लेकराले?" मलाही ते पटलं. टाक्यांजवळ हात लावायची भीती वाटतच होती.

उचलल्यावर, खोकल्यावर, भुंकल्यावर जी धार येते ती कुत्र्याने स्वतःहून केलेली लघवी नव्हे. रांजण काठोकाठ भरलेला असावा आणि धक्का लागला की हिंदकळून बाहेर यावं, तसं ते असतं. मज्जारज्जू पाठीच्या मध्यावर दबला की पिशवीला "रिकामी हो" हा निरोप पोचत नाही, आणि पिशवीच्या तोंडाशी असलेला स्नायू उलट जास्तच आवळून बसतो. आत दाब इतका वाढतो की थोडं थोडं झिरपतं. अंथरूण ओलं होतं आणि घरचे निर्धास्त होतात.

दुखापत कमरेच्या खालच्या टोकाला असेल तर चित्र वेगळं असतं. तिथे तोंड सैल पडतं, लघवी सतत ठिपकते, आणि दाबलं की लगेच येते. आपल्या कुत्र्याचा प्रकार कोणता हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारून घ्या, कारण दोन्हींची औषधं वेगळी आहेत.

खरंच रिकामी होते का, हे कसं तपासायचं

मला हे हिशेबातून उमगलं. तिसऱ्यांदा संसर्ग झाला तेव्हा मे महिना होता, वर उन्हाचा कहर. नागपूरच्या डॉक्टर मॅडमनी फोनवर विचारलं, "भाऊ, एका वेळी किती एमएल निघते?" मी कधी मोजलीच नव्हती. त्या रात्रीपासून स्टीलच्या वाटीत लघवी धरायची, मोठ्या सिरिंजने ओढून मोजायची आणि वहीत लिहायचं, असं सुरू केलं. (फवारणीचं माप यासाठी कृपा करून घेऊ नका, कितीही धुतलं असलं तरी.)

कुत्र्याची लघवी साधारण किलोमागे तासाला १ ते २ एमएल तयार होते. ७ किलोच्या चिंगीची तासाला ७ ते १४. रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत ५६ ते ११२ एमएल व्हायला हवी. वाटीत आली २५. गोधडीवरचा डाग तळहाताएवढा. मग बाकीची कुठे?

दुसऱ्या दिवशी नागपूर गाठलं. मॅडमनी मला आधी माझ्या पद्धतीने दाबायला लावलं. थोडी आली, मी म्हणालो, झाली. लगेच त्यांनी लघवीच्या वाटेने पिशवीत नळी घातली. टेबलावर ठेवलेल्या मापात लघवी चढत गेली ती ९० एमएलवर थांबली. गढूळ, ताकाच्या निवळीसारखी, आणि वास असा की माझे डोळे चुरचुरले. निरोगी कुत्र्यात लघवीनंतर किलोमागे अर्धा एमएलसुद्धा मागे उरत नाही. चिंगीच्या पोटात मी "झाली" म्हटल्यावर ९० उरली होती.

म्हणून पहिलं काम मोजमापाचं. तीन दिवस मोजा, अंथरूण ओलं झालं असेल तर कोरडं आणि ओलं कापड वजनकाट्यावर ठेवून फरक धरा, १ ग्रॅम म्हणजे १ एमएल. आकडा हिशेबापेक्षा फारच कमी येत असेल तर संसर्गाचं मूळ तिथेच आहे असं समजून डॉक्टरांना तो आकडा सांगा. "थोडी होते" या शब्दांवरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. "आठ तासांत २५" म्हटलं की चटकन कळतं.

दुसरी खूण हाताची. मागच्या पायांच्या जरा पुढे, पोटाच्या खालच्या भागात दोन्ही बाजूंनी बोटं सपाट ठेवून हलकेच चाचपलं की भरलेली पिशवी पाणी भरलेल्या फुग्यासारखी लागते. चिंगीची भरलेली असली की आंबिया बहाराच्या चांगल्या संत्र्याएवढी. रिकामी झाली की कागदी लिंबाएवढी, आणि नीट रिकामी झाली तर हाताला सापडतही नाही. हा फरक बोटांना कळायला मला चार-पाच दिवस लागले. घाई करू नका.

दाबायचं कसं

हे आमच्याकडे मायने सगळ्यात आधी साधलं, आणि तिचाच हात आधी सगळ्यात चुकत होता. चाळीस वर्षं गाई-म्हशी दोहलेला हात. ती चिंगीलाही धारेसारखंच दाबायची, पिळ-सोड, पिळ-सोड. त्याने तोंडाचा स्नायू आणखी आवळतो. मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवून दाखवलं, "माय, पिळायचं नाही. धरून ठेवायचं." माय थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हंजे गाय पान्हा सोडेपर्यंत जसं थांबतो, तसं." अगदी तसंच.

कुत्र्याला उजव्या कुशीवर झोपवा, किंवा कोणीतरी छातीखाली आणि मांड्यांमध्ये आधार देऊन उभं धरा. पाठ सरळ राहिली पाहिजे, लोंबकळता कामा नये. पोट कडक केलेलं असेल तर नुसता हात ठेवून वाट पाहा, श्वास सोडताना पोट सैल होतं. मग पिशवीच्या पुढच्या बाजूला बोटं सपाट ठेवून (टोकं रुतवू नका) हळूहळू दाब वाढवत शेपटीच्या दिशेने ढकला आणि तिथेच धरून ठेवा. पाच, कधी दहा सेकंद काहीच येत नाही. माणूस इथेच हात सोडतो. सोडू नका. धार सुरू झाली की दाब तोच ठेवा, संपेपर्यंत. मग अर्धा मिनिट विश्रांती, पुन्हा चाचपा, पुन्हा एकदा. आमची बरीचशी शिळी लघवी या दुसऱ्या खेपेतच निघायची.

पिशवी चेंडूसारखी टणक लागते आहे आणि बेताच्या दाबाने एक थेंबही येत नाही, तर जोर लावू नका. फुटू शकते. तिथे नळीच हवी, आणि ती त्याच दिवशी.

किती वेळा? आम्ही दिवसातून चारदा ठरवलं: पहाटे ५, दुपारी ११, संध्याकाळी ५, रात्री ११. पेरणी-फवारणीच्या घरात अकराची वेळ पाळणं अवघड असतं, म्हणून ती वेळ मायने घेतली. दोन वेळांमध्ये आठ तासांच्या वर अंतर जाऊ देऊ नका. पिशवी सारखी तटतटून ताणली तर तिच्या भिंतीचा स्नायूच थकतो, आणि पुढे नसा सुधारल्या तरी पिशवीला आकुंचन पावायची ताकद राहत नाही. चिंगीचं नेमकं हेच झालं. नवव्या आठवड्यात ती डुलत डुलत अंगणात चालली, पण पिशवी तिच्या पायांच्या मागे राहिली.

तोंडाचा स्नायू फारच आवळलेला असल्याने मॅडमनी प्राझोसिन सुरू केलं. त्याने तोंड सैल होतं. दाबायच्या साधारण तासभर आधी द्यायला सांगितलं होतं, आणि पहिले दोन दिवस मरगळ येते का ते पाहायला, कारण त्याने रक्तदाब उतरतो. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. पिशवी आवळणारं बेथानेकॉल नावाचं दुसरं औषध असतं. तोंड बंद असताना ते दिलं तर कोंडलेल्या पिशवीवर आणखी जोर पडतो, म्हणून कुणाच्या कुत्र्याला लागू पडलं म्हणून आपण आणायचं नाही.

पाणी मात्र कमी करू नका. शेजारच्या काकांनी मनापासून सुचवलं होतं, "पानी कमी पाज, मंग ओलंच होनार नाही." मेच्या उन्हात ते जिवावर बेतलं असतं, आणि लघवी कमी झाली की जंतू वाहूनही जात नाहीत.

पिशवी रिकामी होते, तरी संसर्ग परत आला तर

मग अंदाजाने अँटिबायोटिक घेणं थांबवा आणि कल्चर करून घ्या, म्हणजे लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते पाहणारी तपासणी. पहिल्या दोन खेपांना आम्हाला एकच औषध दिलं गेलं होतं. कल्चरमध्ये निघालं की चिंगीच्या जंतूंवर त्याचा काही उपयोग नव्हता. नमुना वाटीतल्या लघवीचा चालत नाही, त्यात कातडीवरचे जंतू मिसळतात. डॉक्टर पोटातून बारीक सुईने थेट पिशवीतून काढतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण चिंगीने हूं की चूं केलं नाही. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी नमुना घ्यायचा, निर्जंतुक डबीत, बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायचा. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात.

आपल्या भागात कुठे जायचं हा प्रश्न असतोच. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतात. त्यांचा दिवस गाईबैलांत जातो, पण कागद नीट दाखवले तर नळी घालणं, सुईने नमुना काढणं यात त्यांची मदत होऊ शकते, आधी फोन करून विचारा. त्यापुढचं काही असेल तर नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि अकोल्याला पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था. दोन्ही महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या, जे २००० साली नागपुरात स्थापन झालं. जाताना वही घेऊन जा.

एक लक्षात ठेवा. कंबरेखालची जाणीव कमी असलेल्या कुत्र्याला लघवीची जळजळ कळत नाही. ते कुंथणार नाही, केकाटणार नाही. तुम्हाला वास, रंग आणि भूक यांवरूनच ओळखायचं आहे. मी रोज पहाटेची लघवी काचेच्या पेल्यात ओतून उजेडासमोर धरायचो. पेल्यामागे वहीची ओळ वाचता आली तर ठीक.

ओली कातडी आणि माश्या

लघवीने भिजलेली मांडीची कातडी दोन दिवसांत लाल होते आणि सोलवटते. आपल्याकडे मे-जूनमध्ये त्याहून मोठी भीती माशीची आहे. ओल्या, वास येणाऱ्या केसांत माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या दिसतात. जनावराच्या जखमेत ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण जे कुत्रं स्वतःला चाटू शकत नाही त्याच्या शेपटीखाली दिवसातून दोनदा आपणच पाहायचं असतं. आम्ही मांड्यांवरचे आणि शेपटीखालचे केस बारीक कापले, दर वेळी कोमट पाण्याने धुऊन जुन्या सुती दुपट्ट्याने टिपून कोरडं केलं, वर व्हॅसलिनचा पातळ हात. बाळांच्या डायपरसाठी मिळणारी पांढरी झिंक ऑक्साइडची क्रीम लावू नका, कुत्रं चाटतं आणि झिंक त्याला विषारी आहे. आणि गोचीड किंवा माश्यांसाठी कपाशीवरचं औषध कापडाला लावून पुसणं, जे आपल्याकडे बैलांना सर्रास केलं जातं, ते ७ किलोच्या जिवाला कधीही करू नका.

अंथरूण म्हणून गोधडीवर बारदान, त्यावर धुता येईल असं सुती कापड. डायपर फक्त प्रवासात.

बाकीचं

पायांबद्दल इथे फार लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. सहा आठवडे लहान कुंपणात विश्रांती. आम्ही संत्र्याची कॅरेटं आडवी बांधून कोपरा केला होता. शहाबादी फरशीवर पाय घसरतात म्हणून सतरंजी. बाहेर नेताना पोटाखाली दुपट्ट्याची झोळी.

पण एक सांगितलंच पाहिजे. गावात पाठ बसवून देणारे, तेल चोळून मणका "सरकवणारे" लोक प्रेमाने पुढे येतात. ज्या मणक्याची एक बाजू कापलेली आहे त्याला तो हात लागू देऊ नका. घरातल्या माणसांच्या पेनकिलर गोळ्याही नकोत. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, यातलं काहीही. कुत्रं स्टेरॉइडवर असताना कोणी सूज उतरायचं दुसरं इंजेक्शन द्यायला लागलं तर आधी सांगा की हे चालू आहे. दोन्ही एकत्र झालं की पोटात अल्सर होतात. शौच डांबरासारखं काळं दिसलं तर थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

तसंच लगेच निघायचं ते यासाठी: बारा तास एक थेंबही नाही, उलट्या सुरू, लघवी रक्तासारखी लाल, किंवा पायांची हालचाल आली होती ती पुन्हा गेली. ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांतच पुढचे पायही ढिले पडू लागले आणि श्वास वरवरचा झाला, तर रात्र असली तरी निघा.

स्वतःहून होणारी लघवी कशी ओळखायची, हे मला खूप जण विचारतात. कुत्रं जागा हुंगतं, बसायचा प्रयत्न करतं, धार स्वतः सुरू करतं आणि स्वतः थांबवतं. आणि नंतर हाताला पिशवी लिंबाएवढी लागते. या चारही गोष्टी सलग आठवडाभर दिसल्या तेव्हाच आम्ही दाबायच्या चार वेळांवरून दोनवर आलो, आणि तेही मॅडमना विचारून.

चिंगीच्या वहीत जूनच्या २१ तारखेला मायने मला सांगून लिहून घेतलेली ओळ आहे: "कडुनिंबाखाली बसली. एकदम सगळी केली. चाचपलं, सापडली नाही." प्राझोसिन त्यानंतर तीन आठवड्यांनी उतरवत बंद झालं. अँटिबायोटिक संपल्यावर सातव्या दिवशी पुन्हा कल्चर केलं, ते स्वच्छ आलं. पाहुणे आले की आनंदाने थोडी सांडते, ती पुसून घेतो. रविवारी सकाळी एकदा चाचपून पाहणं अजून चालू आहे.